पाच मिनिटांची शिक्षा: डेरेक बूगार्ड प्रकरण

उत्तर अमेरिकेत बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजे एनएचएलच्या, नोंदवहीत डेरेक बूगार्डच्या नावापुढे सहा हंगामांचे आकडे असे आहेत: २७७ सामने, ३ गोल, १३ गोलांना सहाय्य आणि ५८९ मिनिटांची शिक्षा, म्हणजे नियम मोडल्याबद्दल खेळाबाहेर बसून काढलेला वेळ. त्याचा दुसरा गोल जानेवारी २००६ मधला, तर तिसरा नोव्हेंबर २०१० मधला, आणि मधल्या काळात तब्बल २३४ सामने गोलाविना गेले. कागदोपत्री तो डाव्या बगलेवरचा आक्रमक खेळाडू होता. गोलांच्या हिशेबाने पाहिले तर अशा आक्रमकाला दुसऱ्या हंगामातच नारळ मिळाला असता. प्रत्यक्षात जुलै २०१० मध्ये न्यूयॉर्क रेंजर्स या संघाने त्याच्याशी चार वर्षांचा ६५ लाख डॉलरचा करार केला. त्यानंतर दहा महिन्यांनी, १३ मे २०११ रोजी, तो मिनियापोलिस येथील आपल्या घरात मृतावस्थेत आढळला. त्याचे वय २८ होते. मद्य आणि ऑक्सिकोडोन हे अफूवर्गीय वेदनाशामक एकत्र पोटात गेल्याने झालेला अपघाती मृत्यू, असा शवविच्छेदनाचा निष्कर्ष होता.

या प्रकरणावर अमेरिकेत आणि कॅनडात बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातले बहुतेक लेखन हिंसा चांगली की वाईट या प्रश्नाभोवती फिरते. प्रस्तुत टिपणाचा रोख थोडा वेगळा आहे. बूगार्डच्या शरीराची नोंद अनेक ठिकाणी होत होती: पंचांच्या अहवालात, संघाच्या डॉक्टरांकडे, औषधांच्या दुकानांत, लीगच्या व्यसनमुक्ती कार्यक्रमात. प्रत्येकाकडे आपापला कागद होता. ते सगळे कागद एका टेबलावर कोणी मांडले आणि केव्हा, हा या प्रकरणातला मुख्य प्रश्न आहे, असे मला वाटते.

पाठराख्याचे काम

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिरवे मैदान आणि ध्यानचंद येतात. बर्फावरची हॉकी हा अगदी निराळा खेळ आहे. बर्फाच्या बंदिस्त रिंकवर एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक असतात, खेळाडू पाऊण-एक मिनिट जिवाच्या आकांताने खेळून बाकावर परततात, आणि अंगावर जाऊन धडक देणे हा नियमांना मान्य असलेला डावपेच आहे. अशा खेळात संघातल्या नाजूक, वेगवान, गोल करणाऱ्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम आडदांडपणे पाडले तर त्याचा हिशेब चुकता करण्यासाठी एक माणूस बाळगण्याची पद्धत उत्तर अमेरिकेत रुजली. इंग्रजीत त्याला एन्फोर्सर म्हणतात. मराठीत ‘पाठराखा’ हा शब्द मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण एन्फोर्सर दुसऱ्याच्या पाठीसाठी भांडतो, स्वतःच्या रागासाठी क्वचितच. एडमंटन संघात वेन ग्रेट्स्की या विख्यात गोल करणाऱ्या खेळाडूच्या आजूबाजूला डेव्ह सेमेन्को आणि नंतर मार्टी मॅक्सॉर्ली असत, ते याच कामासाठी. फिलाडेल्फिया फ्लायर्सच्या डेव्ह शुल्ट्झने १९७४-७५ च्या एका हंगामात ४७२ मिनिटांची शिक्षा भोगली. तो विक्रम अजून मोडलेला नाही, आणि त्या वर्षी फ्लायर्सनी स्टॅन्ली चषक, म्हणजे एनएचएलचे अजिंक्यपद, जिंकला होता.

ही पद्धत टिकली त्यामागे नियमांचे एक साधे गणित आहे. मारामारी नियमबाह्यच आहे. तिला पाच मिनिटांची शिक्षा असते आणि खेळाडूला तेवढा वेळ काचेच्या कोठडीवजा बाकावर बसावे लागते. परंतु दोघे राजीखुशीने लढले तर दोघांनाही तीच शिक्षा होते, त्यामुळे रिंकवरची संख्या दोन्ही बाजूंनी समानच राहते आणि कोणत्याच संघाला त्या शिक्षेचा तोटा होत नाही. काठीने अडवल्याबद्दलची दोन मिनिटांची एकतर्फी शिक्षा संघाला महाग पडते. ठोसेबाजीची पाच मिनिटांची दुतर्फी शिक्षा जवळजवळ फुकट असते. १९९२ पासून भांडण उकरून काढणाऱ्याला जादा शिक्षा देण्याचा नियम आला. त्यानंतर पाठराखे एकमेकांना आधी विचारून, कधी खेळ सुरू होण्याची वाट पाहत शेजारी उभे असतानाच बोली ठरवून लढू लागले.

नियमावली किती बारकाईने लिहिली आहे ते पाहण्याजोगे आहे. खेळाडूची जर्सी पाठीमागून एका पट्ट्याने विजारीला अडकवलेली असली पाहिजे, कारण जर्सी डोक्यावरून ओढली गेली की तिच्या मालकाचे हात अडकतात आणि डोळे झाकले जातात. पट्टा न लावता लढणाऱ्याला सामन्यातून बाहेर काढतात. दोघे हातमोजे बर्फावर टाकतात, एका हाताने समोरच्याची जर्सी खांद्यापाशी घट्ट धरतात आणि दुसऱ्या हाताने मारतात. पायाखाली धारदार पाते आणि त्याखाली बर्फ असल्याने पकड सुटली की तोल जातो, म्हणून पकडीचा हात मारणाऱ्या हाताइतकाच महत्त्वाचा ठरतो. सीमारेषेवरचे पंच जवळ उभे राहून पाहतात आणि एक जण खाली पडला किंवा दोघे दमले की मध्ये शिरतात. ज्या कृत्याला नियमावली गुन्हा म्हणते त्याच कृत्याच्या पोशाखाचेही नियम ती घालून देते.

मेलफर्ट ते मिनेसोटा

डेरेकचा जन्म २३ जून १९८२ रोजी कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील सस्कटून येथे झाला. वडील लेन बूगार्ड रॉयल कॅनेडियन माउंटेड पोलीस दलात होते, आणि बदलीची नोकरी असल्याने हे कुटुंब हर्बर्ट, मेलफर्ट अशा लहान गावांतून फिरत राहिले. चार भावंडांत डेरेक थोरला. वयाच्या मानाने तो नेहमीच अवाढव्य होता, आणि पुढे त्याची उंची ६ फूट ७ इंच झाली. अवाढव्य मुलाचे शाळेत जे होते ते त्याचेही झाले: वर्गात चेष्टा आणि रिंकवर अपेक्षा.

पंधरा-सोळा वर्षांचा असताना मेलफर्टच्या एका सामन्यात त्याचा संयम सुटला. तो प्रतिस्पर्ध्यांच्या बाकावरच चढला आणि दिसेल त्याला ठोसे मारू लागला. समोरची मुले वाट फुटेल तिकडे पळाली. प्रेक्षकांत योगायोगाने रजायना पॅट्स या कनिष्ठ गटातल्या संघाचे निवडकर्ते बसले होते. त्यांनी या मुलाचे नाव आपल्या यादीत घातले. शाळेत असा प्रकार झाला असता तर पालकांना बोलावणे आले असते. इथे निवडीचे पत्र आले. त्या वयाच्या मुलाला यातून जे समजायचे ते समजले असणार. आपल्याला मोठ्या लीगमध्ये जायचे असेल तर वाट कोणती, याबद्दल त्याला पुढे कधी शंका असल्याचे दिसत नाही.

रजायनाहून तो प्रिन्स जॉर्जला आणि तिथून मेडिसिन हॅटला गेला. एनएचएलचे संघ दरवर्षी नवे खेळाडू फेऱ्याफेऱ्यांनी निवडतात; २००१ च्या निवडीत मिनेसोटा वाइल्ड संघाने त्याला सातव्या फेरीत, एकूण २०२ व्या क्रमांकावर घेतले. त्यानंतर लुइझियाना आणि ह्यूस्टन येथील दुय्यम संघांत त्याने उमेदवारी केली. त्याचे स्केटिंग बेतास बात होते आणि ते सुधारण्यासाठी तो मनापासून मेहनत घेत असे, हे सांगितले पाहिजे. २००५-०६ हा त्याचा एनएचएलमधला पहिला हंगाम: ६५ सामने, २ गोल, १५८ मिनिटांची शिक्षा. मिनेसोटाच्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. ‘बूगीमन’, म्हणजे आपल्याकडचा बागुलबुवा, हे त्याचे टोपणनाव झाले आणि त्याच्या २४ क्रमांकाच्या जर्सी लहान मुलांच्या अंगावर दिसू लागल्या.

ऑक्टोबर २००६ मध्ये अनाहाइम संघाच्या टॉड फेडोरुकशी त्याची जुंपली. फेडोरुक स्वतः पाठराखाच होता आणि कच्चा मुळीच नव्हता. बूगार्डचा उजव्या हाताचा एक ठोसा त्याच्या गालावर बसला आणि गालाचे हाड चुरडले. शस्त्रक्रिया करून धातूच्या पट्ट्यांनी चेहरा पुन्हा बांधावा लागला. त्या दिवसानंतर बूगार्डशी लढायला राजी होणारे कमी झाले. म्हणूनच २००७-०८ मध्ये त्याचे शिक्षेचे आकडे घसरलेले दिसतात, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्या वर्षी दुखापतींमुळे तो ३४ सामनेच खेळला, हेही लक्षात घ्यावे. पाठराख्याची किंमत त्याने किती मारले यापेक्षा त्याच्या भीतीने किती मारामाऱ्या झाल्याच नाहीत यावर ठरते, आणि न झालेल्या मारामाऱ्यांची नोंद कोणत्याच वहीत नसते. त्याच २००७-०८ च्या हंगामात फेडोरुक मिनेसोटा संघात आला आणि ज्याने आपले तोंड फोडले त्याच्या शेजारी बसून बुटांच्या नाड्या बांधू लागला. या व्यवसायात वैर असे नसतेच, असे जुने पाठराखे सांगतात ते यामुळेच.

२००७ च्या उन्हाळ्यात डेरेक आणि त्याचा धाकटा भाऊ एरन यांनी रजायनात मुलांसाठी एक शिबिर घेतले. विषय होता बर्फावर मारामारी कशी करावी, आणि वय बारा ते अठरा. सहभागी मुलांना वाटलेल्या टी-शर्टवर रक्ताचे नकली डाग छापलेले होते. टीका झाली तेव्हा बूगार्ड बंधूंचा खुलासा असा होता की मुलांना स्वतःचा बचाव कसा करावा आणि इजा कशी टाळावी, हे शिकवण्याचा हेतू आहे. हा खुलासा खोटा होता असे मला वाटत नाही. ज्या व्यवस्थेत ते वाढले तिथे हे शिक्षण उपयोगाचेच होते.

चिठ्ठ्या

पाठराख्याच्या दुखण्याची सुरुवात हातापासून होते. समोरच्याच्या हेल्मेटवर आणि दातांवर आपटून बोटांची पेरे सुजतात, फाटतात, बरी होण्याआधी पुन्हा फाटतात. मग नाक, खांदा, पाठ. एप्रिल २००९ च्या सुमारास बूगार्डच्या नाकावर आणि खांद्यावर शस्त्रक्रिया झाल्या आणि वेदनाशामके त्याच्या दिनक्रमाचा भाग बनली.

या काळातल्या आकड्यांचा तपशील मृत्यूनंतर बाहेर आला. ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या सहा महिन्यांत हायड्रोकोडोन किंवा ऑक्सिकोडोनच्या किमान २५ चिठ्ठ्या त्याच्या नावाने लिहिल्या गेल्या आणि त्यांवर मिळून ६२२ गोळ्या दिल्या गेल्या. लिहिणारे डॉक्टर दहा होते: त्यांपैकी आठ त्याच्याच संघाशी संबंधित, एक दंतशल्यविशारद आणि एक दुसऱ्या संघाचा डॉक्टर. कुटुंबाने नंतर केलेल्या दाव्यात त्या संपूर्ण हंगामासाठी १,०२१ गोळ्यांचा आकडा दिला आहे. यातली कोणतीही एक चिठ्ठी उचलून पाहिली तर ती समर्थनीय वाटू शकते. हात सुजला आहे, दात काढला आहे, उद्या सामना आहे. डॉक्टर काय करणार? दहा डॉक्टरांच्या पंचवीस चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवल्या की मगच चित्र बदलते, आणि त्या तशा ठेवणे हे कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते.

सप्टेंबर २००९ मध्ये बूगार्डला लीग आणि खेळाडू संघटना यांच्या संयुक्त कार्यक्रमाअंतर्गत कॅलिफोर्नियातील व्यसनमुक्ती केंद्रात पाठवण्यात आले. तो संघाबाहेर का आहे याचे जाहीर कारण मेंदूला बसलेला धक्का, असे देण्यात आले. हा तपशील मला सबंध प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. मेंदूला धक्का बसणे हे प्रेक्षकांना सांगता येण्याजोगे, जवळजवळ अभिमानाचे कारण होते, आणि गोळ्यांचे व्यसन हे लपवण्याजोगे. प्रत्यक्षात दोन्हींची मुळे एकमेकांत गुंतलेली होती. खुद्द बूगार्डला पुढे एका डॉक्टरने विचारले की डोक्यावर आघात होऊन डोळ्यांसमोर अंधारी आल्याचे प्रसंग किती, तेव्हा त्याचे उत्तर शेकड्यांत होते. अधिकृत नोंदीत असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, कारण खेळाडू सांगत नसे आणि विचारणारा खोलात जात नसे. सांगितले तर जागा जाईल ही भीती साधार होती. गोल न करणाऱ्या माणसाच्या जागी दुसरा धिप्पाड तरुण आणायला संघाला एक दूरध्वनी पुरतो.

केंद्रातून परत आल्यावर तो त्या हंगामात ५७ सामने खेळला. जुलै २०१० मध्ये रेंजर्सनी त्याला घेतले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांचा मुख्य गोल करणारा मारियान गाबोरिक याला फिलाडेल्फियाच्या डॅन कार्सिलोने मारामारीत बडवले होते आणि त्याच्या मदतीला कोणी धावले नाही, अशी बोच संघाला होती. गाबोरिक पूर्वी मिनेसोटात बूगार्डचाच सहकारी होता. थोडक्यात, जुना रखवालदार जुन्या मालाजवळ परत आणण्यात आला.

९ डिसेंबर २०१० रोजी ओटावा येथे मॅट कार्कनरच्या ठोशाने बूगार्डचे नाक मोडले आणि मेंदूला धक्का बसला. न्यूयॉर्कसाठी त्याचा तो बाविसावा सामना होता, आणि कारकिर्दीतला शेवटचा. पुढचे आठवडे त्याने मॅनहॅटनमधल्या घरात पडदे ओढून काढले, कारण उजेड सहन होत नव्हता. हिवाळ्यात वडील भेटायला गेले तेव्हा मोठ्यांदा हसणारा, अघळपघळ मुलगा त्यांना दिसला नाही. एकटा पडलेला, गोष्टी विसरणारा आणि रडणारा माणूस दिसला. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या, आणि आता त्या डॉक्टरांखेरीज अन्य वाटांनीही येत होत्या. वसंतात त्याला दुसऱ्यांदा कॅलिफोर्नियातील केंद्रात दाखल केले गेले. तिथून थोड्या दिवसांच्या रजेवर तो मिनियापोलिसला आला, आणि आल्याच्या रात्री बाहेर जाऊन परतल्यावर झोपला तो उठला नाही. त्याचे भाऊच त्याला उठवायला गेले होते.

मेंदू

मृत्यूनंतर लगेचच बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मेंदूची मागणी केली आणि कुटुंबाने संमती दिली. डॉ. अ‍ॅन मॅकी यांनी केलेल्या तपासणीत क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपॅथी, अर्थात सीटीई, या विकाराचे निदान झाले. डोक्याला वारंवार बसणाऱ्या आघातांशी जोडलेल्या या विकारात टाऊ नावाचे प्रथिन मेंदूत ठिकठिकाणी साचते आणि पेशी निकामी होत जातात. स्मृतिभ्रंश, चिडचिड, आवेगावर ताबा न राहणे ही त्याची लक्षणे. जिवंतपणी त्याचे निश्चित निदान होत नाही. २०१० मध्ये ४५ व्या वर्षी वारलेला प्रसिद्ध पाठराखा बॉब प्रोबर्ट याच्या मेंदूतही सीटीई सापडला होता. मॅकी यांना धक्का बसला तो यामुळे की अठ्ठावीस वर्षांच्या बूगार्डचा विकार प्रोबर्टपेक्षा पुढे गेलेला होता.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्यसन, स्वभावातला बदल आणि एकटेपणा यांपैकी किती भाग सीटीईचा आणि किती गोळ्यांचा, हे एका मेंदूवरून सांगता येत नाही, आणि मॅकी यांनीही तसा दावा केला नाही. एनएचएलचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी मात्र या अनिश्चिततेला आपली कायमची भूमिका बनवले: अभ्यास प्राथमिक आहे, कार्यकारण सिद्ध झालेले नाही. २०११ च्या त्याच उन्हाळ्यात रिक रिपियन आणि वेड बेलाक हे आणखी दोन पाठराखे गेले. त्यांची कारणे निराळी होती आणि त्यांना बूगार्डच्या हिशेबात सरसकट धरणे योग्य होणार नाही. तरी लोकांनी तिघांची नावे एका दमात घेतली, हेही खरे.

न्यायालय

लेन बूगार्ड यांनी जे केले ते पोलिसाच्या सवयीने केले. त्यांनी मुलाच्या औषधांच्या नोंदी, वैद्यकीय कागद, फोनची बिले, संदेश गोळा केले आणि तारखेनुसार लावले. जे काम संघ, लीग, संघटना किंवा डॉक्टर यांपैकी कोणीही मुलगा जिवंत असताना केले नाही, ते वडिलांनी तो गेल्यावर केले. वर दिलेला पंचवीस चिठ्ठ्यांचा हिशेब जगासमोर आला तो अशा कागदांमुळे.

कुटुंबाचा खेळाडू संघटनेविरुद्धचा दावा २०१३ मध्ये विलंबाच्या मुद्द्यावर निकालात निघाला. त्याच वर्षी मे महिन्यात कुटुंबाने इलिनॉय राज्यातील कुक परगण्याच्या न्यायालयात लीगविरुद्ध दावा लावला आणि तो यथावकाश संघराज्याच्या न्यायालयात गेला. लीगने मुलाला लढवले, गोळ्या पुरवल्या, आणि व्यसनमुक्ती कार्यक्रमाचे नियम त्याने मोडल्यावर स्वतःच्याच अटी लागू केल्या नाहीत, असे आरोप त्यात होते. त्यांतला मोठा भाग लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या सामूहिक वेतनकरारावर अवलंबून असल्याने संघराज्याच्या कामगार कायद्याखाली येतो, या कारणाने गळाला. उरलेल्या भागावर जून २०१७ मध्ये न्यायाधीश गॅरी फाइनरमन यांनी निकाल दिला. त्यांच्या मते प्रकरणाला मिनेसोटाचा कायदा लागू होता, आणि त्या कायद्यानुसार मृत्यूबद्दलच्या भरपाईचा दावा न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तालाच मुदतीत करता येतो. आईवडिलांनी तो मुलाच्या मालमत्तेचे प्रतिनिधी म्हणून केला होता. दावा फेटाळताना न्यायाधीशांनी हेही नमूद केले की लीगने बूगार्डचे प्रकरण ज्या रीतीने हाताळले त्याची ही प्रशंसा समजू नये. त्याच सुमाराला इतर ३१८ माजी खेळाडूंचा लीगशी सुरू असलेला स्वतंत्र वाद नोव्हेंबर २०१८ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरच्या तडजोडीवर मिटला. लीगने दोष मान्य केला नाही.

बूगार्ड कुटुंबाचे अपील शिकागोच्या अपील न्यायालयाने त्याआधीच, मे २०१८ मध्ये, फेटाळले होते. गोळ्यांनी माणूस मरतो का, ठोशांनी मेंदू झिजतो का, यांवर दोन्ही न्यायालयांत शेवटपर्यंत सुनावणी झालीच नाही. मुद्दा विश्वस्ताच्या नेमणुकीवर अडला. लेन बूगार्ड यांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या गठ्ठ्यात नेमका तो एक कागद नव्हता.